नेत्याची सभा प्रत्यक्ष जाऊन ऐकावी का? अनुभव सांगा

कोयनाकाठ
परवा घरात एक वाद झाला, तो अजून मिटला नाही म्हणून इथं विचारतोय. थोरला २० वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला, यंदा पहिल्यांदाच मत देणार. मी म्हटलं रविवारी आपल्या भागात सभा आहे, चल दोघं जाऊ. तर म्हणतो, बाबा सगळं लाइव्ह असतंय की, मी घरात बसून दीडपट स्पीडनं ऐकतो, तिथं तीन तास धूळ खात बसून जास्तीचं काय मिळणार? मला पटकन उत्तरच देता आलं नाही, आणि ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय.

कारण मी १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर होतो. पवारसाहेबांची पावसातली सभा. मी कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नव्हे, आत्याकडं आलो होतो, मेहुणा म्हणाला चल म्हणून गेलो. साहेब उभे राहिले आणि पाऊस सुरू. वय ७८, छत्री घेतली नाही, बोलत राहिले. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं त्यांनी भर सभेत कबूल केलं. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. फोटोत नाही ते सांगतो. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर धरल्या होत्या आणि त्यावर पाऊस असा वाजत होता की मला भाषणाचे निम्मे शब्द ऐकूच आले नाहीत. मला खुर्ची मिळाली नव्हती. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं त्याची खुर्ची तिरकी करून निम्मी माझ्या डोक्यावर धरली, शेवटपर्यंत. त्याचा हात थरथरत होता, मी धरतो म्हटलं तर देईना. भाषण नीट ऐकलं ते दुसऱ्या दिवशी फोनवरच.

म्हणजे पोराचं एका अर्थी खरंच आहे. पण तरी मी गेलो होतो याचं मला फार वाटतं. ते नक्की काय, हे त्याला कसं सांगू? तुम्ही कुठली सभा प्रत्यक्ष ऐकलीत, आणि जाऊन काय मिळालं?

आकडेमोड
मुलगा बरोबर बोलतोय. सभेची गर्दी आणि मतं यांचा संबंध लावू नये हे तर सगळ्यांना माहितीये. २०१९ च्याच लोकसभेला राज ठाकरेंच्या 'लाव रे तो व्हिडिओ' सभा आठवा, मैदानं तुडुंब, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. स्वतःचा एकही उमेदवार नसताना एवढी गर्दी. आणि निकाल? ज्यांच्या विरोधात ते बोलत होते त्या युतीला ४८ पैकी ४१.

कोयनाकाठ
आणि साताऱ्यात श्रीनिवास पाटील निवडून आले, तेही उदयनराजेंसमोर. पण मी मतांचं विचारतच नाहीये ओ. ऐकणाऱ्याला काय मिळतं ते विचारतोय.

गिरणगावकर
कोयनाकाठ, तुमचा म्हातारा वाचून अंगावर काटा आला.

आमचं शिवाजी पार्क. वडील गिरणीत, लालबागला चाळीत राहायचो. दसऱ्याला सकाळी दारावर तोरण, दुपारी श्रीखंड-पुरी, आणि चार वाजले की वडील मला घेऊन चालत निघायचे, परळ, हिंदमाता, दादर. रस्त्यात वाजतगाजत शाखा भेटत जायच्या. शिवसेनेच्या दसरा मेळाव्याची सुरुवात ३० ऑक्टोबर १९६६ ची, तेव्हा मी जन्मलो नव्हतो, माझी आठवण ८० सालानंतरची. आम्ही नेहमी मागे, समुद्राच्या बाजूला. पेपर अंथरून खाली बसायचं. बाळासाहेब तिथून अंगठ्याएवढे दिसायचे. पण 'जमलेल्या माझ्या तमाम' एवढे तीन शब्द आले की पुढचं वाक्य कोणाला ऐकूच यायचं नाही, एवढा गजर. मी वडिलांच्या खांद्यावर असायचो आणि तो आवाज मला कानाआधी पायातून कळायचा, वडिलांचं सगळं अंग हलायचं.

दुसरी एक गोष्ट म्हणजे त्यांचं थांबणं. एखादा टोला हाणायच्या आधी गप्प व्हायचे. टीव्हीवर ते दोन सेकंद असतात फक्त. मैदानात बसलं की त्या दोन सेकंदात हजारो माणसं एकदम श्वास धरतात. ते एकट्याला घरी बसून होत नाही.

२०१२ च्या मेळाव्याला ते येऊ शकले नाहीत, पडद्यावर भाषण दाखवलं. मी होतो. थकलेला आवाज. बाजूची बाई पदरानं डोळे पुसत होती आणि तरी घोषणा देत होती. पुढच्याच महिन्यात १७ नोव्हेंबरला गेले.

एक कोडं मात्र मला कधी सुटलं नाही. मागे बसलं की प्रत्येक शब्द दोनदा यायचा. 'बांधवांनो... धवांनो'. लहानपणी वाटायचं की पार्काच्या मागच्या बिल्डिंगी पण बोलतायत.

मांडवकरी
गिरणगावकर दादा, कोडं मी सोडवतो, माझा धंदाच हा. मांडव, मंच आणि साउंड, २२ वर्षं झाली.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचाजवळच्या भोंग्यातला शब्द १०० मीटर मागे पोचायला पाव सेकंदापेक्षा जास्त लागतो. पण तारेतून तो मागच्या खांबावरच्या भोंग्यात लगेच पोचतो. म्हणजे तुम्हाला आधी जवळच्या भोंग्याचा आणि मागून मंचाकडचा ऐकू यायचा. आता आम्ही मागच्या टॉवरला मुद्दाम तेवढा उशीर लावतो, मिक्सरवरच सेट होतं, मग दोन्ही आवाज एकत्र येतात. जुन्या काळात ती सोय नव्हती.

सभा म्हणजे काय असतं ते आमच्याकडून ऐका. मोठा नेता असेल तर मंचासमोर अर्धगोल मोकळी जागा सोडावी लागते, तिला आम्ही डी म्हणतो, तिथं फक्त पोलीस. मग बॅरिकेड, मग प्रेस, मग महत्त्वाची माणसं, आणि मग खरी पब्लिक. म्हणून लोकांना नेता लांब वाटतो. खुर्च्या किती लावायच्या ते आदल्या रात्री ठरतं. गर्दीचा भरवसा नसेल तर खुर्चीत अंतर जास्त ठेवायला सांगतात, मधला रस्ता रुंद करतात, वरून ड्रोनमध्ये मैदान भरलेलं दिसतं. आणि या खुर्च्या मोजल्या जातात बरं का. निवडणूक आयोगाचं व्हिडिओ पथक येतं, खुर्ची, पंखा, भोंगा सगळ्याचे दर ठरलेले असतात, ते उमेदवाराच्या खर्चात धरतात. विधानसभेला मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. त्यामुळे कधी कधी लोक उभे चालतील पण खुर्च्या कमी लावा असंही सांगतात.

कोयनाकाठ, मुलाला घेऊन जा. एवढंच सांगतो की पुढे घुसू नका.

साधीसुधी
मला इथं वेगळं बोलायचंय, कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

माझी आई शेतमजूर. आमच्या तालुक्यात मोठे नेते येणार म्हणून मुकादमानं बायांना ट्रॅक्टरनं नेलं, दिवसाची हजेरी देतो म्हणून. नेता आणि पक्ष सांगत नाही, कारण माझ्या मते सगळे सारखेच नेतात. मी आठवीत होते, आईबरोबर गेले. सकाळी ११ ला बसवलं. एप्रिल महिना. हेलिकॉप्टर आलं दुपारी साडेतीनला. तोपर्यंत उठायचं नाही, जागा रिकामी दिसेल म्हणून. पाणी संपलेलं. आणि बायांना जायला जागा कुठंच नव्हती, एकही नाही. आई सकाळपासून पाणी प्यायलीच नाही त्या भीतीनं. भाषण झालं वीसेक मिनिटं, त्यात 'माझ्या माताभगिनींनो' चार वेळा.

हजेरीचे पैसे मिळाले, अर्धे.

तुम्ही स्वखुशीनं गेलात त्याबद्दल मला आदर आहे. पण मैदानात बसलेल्या प्रत्येकाला अनुभव घ्यायचाच असतो असं नाही.

गिरणगावकर
ताई, काय बोलू. बरोबर आहे तुमचं. आमच्या चाळीतून सगळे पायी आणि आपल्या मनानं जायचे, त्यामुळे हे कधी मनातच आलं नव्हतं.

मांडवकरी
साधीसुधी ताई, खरंय. मी स्वतः मांडव टाकतो आणि सांगतो, शौचालयाचं कोटेशन हे सगळ्यात आधी कापलं जातं. बायकांसाठी फिरती शौचालयं लावा म्हणून मी दरवेळी वेगळं लिहून देतो. दहातल्या तीन जणांनी ऐकलं असेल. सावलीचंही तेच, मंचावर जर्मन हँगर, म्हणजे पक्क्या सांगाड्याचा मोठा मांडव, आणि एसी, समोर उघडं आकाश. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला काय झालं ते सगळ्यांना माहितीये, तो प्रचार नव्हता, पुरस्काराचा सोहळा होता, पण लाखो माणसं भर उन्हात, १४ जणांचा जीव गेला. तेव्हापासून मी आमच्या एरियात उन्हाळ्यात दुपारची सभा घेतच नाही. सहा वाजता करा म्हणतो नाहीतर दुसरा बघा.

वऱ्हाडी_ठेचा
संध्याकाळी सहाची केली की नेता येते नऊ चाळीसले आणि दहाले माईक बंद 😄 आमच्याकडं एका सायबानं शेवटची पाच मिनिटं बिनामाईकचं भाषण केलं, पयल्या दोन रांगा सोडल्या तर कोणालेच काही समजलं नाही पण टाळ्या सगळ्यायनं वाजवल्या.

मांडवकरी
माईक बंद केला तो मीच असेन 😄 दहा म्हणजे दहा, गुन्हा मांडववाल्यावर पण पडतो.

संत्रानगरी
नागपूरहून. कस्तुरचंद पार्कवर बऱ्याच पक्षांच्या सभा ऐकल्या, त्यातलं फार काही लक्षात नाही. पण आमच्या घरात एक सभा अजून चालू आहे असं म्हटलं तरी चालेल.

आजोबा आणि आजी १९५६ साली उमरेडकडून चालत नागपूरला आले होते. आजीनं पांढरं लुगडं उसनं आणलं होतं, पांढरे कपडे घालून यायचं हा निरोप गावोगाव गेला होता. १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, मोठं भाषण झालं, धर्मांतर का आणि नागपुरातच का. ते भाषण छापील मिळतं, मी कितीदा वाचलंय. पण आजीला त्यातलं एकही वाक्य सांगता यायचं नाही. तिला आठवायचं ते वेगळंच. ती म्हणायची, आम्ही उभे राहिलो, हात जोडले, आणि माझ्या पुढं कोण आणि मागं कोण हे मी पहिल्यांदाच बघितलं नाही. गावात तिला कायम बघावं लागायचं, आपली सावली कुणावर पडते का.

दोन महिने पण नाही झाले आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आजोबा म्हणायचे, आम्ही गेलो नसतो तर जन्मभर पुस्तकातूनच ऐकलं असतं.

कोयनाकाठ, तुमच्या मुलाचं म्हणणं शब्दांपुरतं बरोबर आहे. शब्द नंतर मिळतात.

साधीसुधी
संत्रानगरी, हे वाचून थांबले. तुमची आजी आपल्या पायानं गेली होती. मला जे म्हणायचं होतं ते हेच.

थेम्सकाठची
मी १३ नोव्हेंबर २०१५ ला वेम्बलीला होते, मोदींच्या कार्यक्रमाला, कॅमेरून पण आले होते. हजारोंनी माणसं, सगळं स्टेडियम. मराठी मंडळाची बस केली होती, थंडीत नऊवारीवर ओव्हरकोट. खरं सांगते, भाषणापेक्षा मला आधीचा वेळ जास्त आठवतो, परक्या देशात स्टेडियमभर आपली भाषा, आपले कपडे, डब्यातले लाडू सिक्युरिटीवाल्याला दाखवून समजावणं. खूप भरून आलं होतं. पण तो सोहळा होता, तिथं कुणी प्रश्न विचारायला आलं नव्हतं.

त्याच्या उलट हाइड पार्कचा स्पीकर्स कॉर्नर. रविवारी कुणीही येतं, शिडीवर उभं राहून बोलायला लागतं, आणि ऐकणारे मध्येच तोंडावर बोलतात, हे खोटं आहे, पुरावा दे. पहिल्यांदा मला ते उद्धट वाटलं. आता वाटतं आपल्याकडे हे का नाही?

जुनापुराणा
होतं की! आमच्या लहानपणी कोल्हापुरात बिंदू चौकात सभा चालायच्या तेव्हा लोक चिठ्ठ्या पाठवायचे. वहीचं पान फाडायचं, प्रश्न लिहायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा, तो त्याच्या पुढच्याला, अशी चिठ्ठी माणसांच्या डोक्यावरून मंचापर्यंत जायची. वक्ता चिठ्ठी मोठ्यानं वाचायचा आणि उत्तर द्यायचा, नाही दिलं तर लोक गलका करायचे, चिठ्ठी वाचा, चिठ्ठी वाचा. माझ्या थोरल्या भावानं एकदा पाणीपट्टीबद्दल लिहिली होती आणि ती वाचली गेली, महिनाभर गल्लीत आमचा तोरा होता.

आणि बोलणाऱ्याला ऐकून न घेण्याची ताकद पण लोकांच्यात होती. २० नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटलांची सभा लोकांनी उधळून लावली, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं बोलल्यावर. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार. दगडफेक चांगली होती असं मी म्हणत नाही. पण समोर बसलेला माणूस हा नुसता टाळ्यांचा नसायचा.

आकडेमोड
चिठ्ठीचं हे माहीत नव्हतं. हे आवडलं. मग आता कमेंट बॉक्स म्हणजे तेच नाही का?

जुनापुराणा
नाही हो. चिठ्ठी वाचली नाही तर तिथं बसलेल्या सगळ्यांना कळायचं की वाचली नाही.

मांडवीतीर
मडगावहून. सभा पावसातलीच हवी असेल तर आमची सांगते, आणि तीत भाषण झालंच नाही.

१८ जून १९४६. पोर्तुगीज राज्यात परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायला बंदी. डॉ. लोहिया असोळण्याला त्यांचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीला आले होते, आणि इथली परिस्थिती बघून त्यांनी मडगावात सभा जाहीर केली. पावसाळी दिवस. मैदानात पोचले तेव्हा तिथला पोर्तुगीज अधिकारी मिरांडा पिस्तूल रोखून आडवा आला. लोहियांनी त्याला हातानं बाजूला केलं. बोलायला लागले न लागले तोच दोघांना अटक. म्हणजे ऐकायला आलेल्या लोकांना जवळपास काहीच ऐकायला मिळालं नाही. पण माझी आजी तेव्हा १३ वर्षांची, तिचे वडील गेले होते, ते घरी येऊन म्हणाले होते की आज एका माणसाला पिस्तूल बाजूला सारताना बघितलं. आजीच्या घरात पुढं दोघं सत्याग्रहात गेले. आज ते लोहिया मैदान, आणि १८ जून आमचा क्रांतिदिन.

पोराला सांगा, हे लाइव्ह असतं तर त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

मुळामुठा
माझी आई १९७७ ची आठवण सांगते, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीची. तोपर्यंत लोक दोन वर्षं हळू आवाजात बोलत होते. पुण्यात जनता पक्षाच्या सभा सुरू झाल्या, पु. ल. देशपांडे पण प्रचाराला उतरले होते. आई म्हणते, पहिल्या सभेला गेलो ते भाषण ऐकायला नव्हेच, अजून कोण कोण येतंय ते बघायला गेलो. शेजारच्या वाड्यातले, शाळेतल्या बाई, दूधवाला. जो तो एकमेकाला बघून म्हणत होता, अरे तुम्ही पण? वर्गणीसाठी चादर फिरवली, आईनं हातातले रिक्षाचे पैसे टाकले आणि सगळे चालत घरी आले.

आकडेमोड
बरं, मी थोडा मागे येतो. मत बदलायला सभा लागत नाही हे माझं अजूनही म्हणणं आहे. पण आपण एकटे नाही हे बघायला लागते, हे कळलं. आईंना नमस्कार सांगा.

साधीसुधी
कोयनाकाठ, जाणार असाल तर जा, पण दोन गोष्टी. तुमच्या भागातल्या बाया कशा आल्यात ते विचारा त्यांनाच. आणि बरोबर पाणी असेल तर द्या.

मांडवकरी
पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, पाकीट किंवा ग्लास आतच मिळतं का ते गेटवर विचारा. आणि कुठे थांबायचं ते सांगतो, कोणी सांगत नाही. मैदानाच्या मधोमध एक छोटा चौथरा असतो, त्यावर साउंडवाला मिक्सर घेऊन बसतो. त्याच्या कडेला थांबा. तो स्वतःच्या कानानं आवाज जुळवतो, म्हणून सगळ्यात स्वच्छ तिथंच ऐकू येतं. शिवाय बॅरिकेड असतं, धक्का लागत नाही. सभा संपायच्या पाच मिनिटं आधी नाहीतर वीस मिनिटं नंतर निघा, मधल्या वेळात गेटकडे अजिबात जायचं नाही. चेंगराचेंगरी तिथंच होते.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा पोराला वाचायला दिला. त्यानं संत्रानगरींच्या आजीचं दोनदा वाचलं, बोलला काही नाही. मग साधीसुधी ताईंचं वाचलं आणि म्हणाला, बाबा तुम्ही साताऱ्यात बायका कुठं होत्या ते बघितलं होतं का? मला आठवेना. मी बघितलंच नव्हतं.

रविवारी गेलो. मिक्सरच्या चौथऱ्याजवळ थांबलो, आवाज खरंच स्वच्छ, मांडवकरींना शंभर नमस्कार. नेते दीड तास उशिरा आले. तोवर पोरगं गायब. शोधलं तर डाव्या बाजूला टेम्पोतून आलेल्या बायांपाशी उकिडवा बसलेला, त्या त्याला सांगत होत्या की वॉर्डात दिवसाआड पाणी येतं, तेही रात्री दोनला. भाषणात पाण्याचं एक वाक्य आलं तेव्हा त्या बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरगं आधी त्यांच्याकडं बघत होतं आणि मग मंचाकडं.

घरी येताना म्हणाला, पुढच्या शनिवारी दुसऱ्या पक्षाची आहे, तिथं पण जाऊ. आणि वहीचं पान नेऊ.

जुनापुराणा
चिठ्ठीवर नाव-पत्ता नको लिहू म्हणावं, वॉर्ड लिही. आमचा भाऊ वॉर्डच लिहायचा.